काच कोणी वर केली?

सगळ्याइले माहा रामराम अन् सलाम. मागं उभे आहेत त्याईनंही बसून घ्या. सतरंज्या गंज आहेत, साऱ्याइले पुरतीन. अन् पोट्टेहो, त्या मोटरसायकली बंद करा बरं. आवाज होते.

मले बोलता येत नाही असं नाही. सरपंच होती मी. ग्रामसभेत भांडली, तहसीलात भांडली, या माइकवर बी भांडली. पण आज इथं उभं राहाची इच्छा नव्हती. जे पोरगं माह्या डोळ्यासमोर लहानाचं मोठं झालं, त्याच्या शोकसभेत मी बोलायचं? हे उलटं झालं, लोकहो. माह्या शोकसभेले त्यानं सतरंज्या आणायच्या होत्या, गाडीत घालून. अन् सतरंजी झटकता झटकता म्हणायचं होतं, "काकूनं लय तरास देल्ला, पण बाई चांगली होती."

इथं फोटो नाही ठेवला. हार नाही, दिवा नाही. त्याइच्यात चालत नाही, घरच्याइनं नको म्हणलं, आपण नाही ठेवला. रफिकचा चेहरा आठवायले आपल्याले फोटोची गरज नाही.

बाहेरगावचे काही लोक आले आहेत, त्याइच्यासाठी सांगते. आपला रफिक म्हणजे चौकातल्या गॅरेजवाला. गाडी दुरुस्त करे अन् स्वतःची पांढरी पिकअप चालवे. लगीनसराई असली की बिछायतीचं सामान नेआण करे. गाद्या, खुर्च्या, देगा, पातेले. दिवाळीनंतर आपला कापूस जिनिंगवर नेऊन टाके. घरी बायको नसीम, अन् एक पोरगी सना. बाप लहानपणीच गेला. तवापासून त्याले गफूर उस्तादनं आपल्या दुकानात घेतलं, पाना धरायले शिकवलं, अन् पुढं त्याचं लग्न बी त्याईनंच लावून देल्लं. गफूर उस्ताद कोण, हे या गावात कोणाले सांगायची गरज नव्हती आजपर्यंत.

मी त्या पिकअपमधी किती डाव बसली असन, मोजदाद नाही. माहा कापूस भरला की मी बी पुढं बसे, काट्यावर माहा डोळा पायजे म्हणून. त्या गाडीत एक खोट होती, अन् ती या गावच्या लेकरालेही माहीत होती. डरायवरच्या बाजूची काच खालीवर करायचा हँडल तुटला होता. त्यानं कधी लावलाच नाही. दाराच्या खिशात एक पकड ठेवे. काच खाली करायची असली की ती पकड हँडलच्या उरलेल्या खुंटीवर बसवे अन् फिरवे. काच बी अशी अडेल की नुसत्या पकडीनं हालत नसे. एका हातानं पकड फिरवायची अन् दुसऱ्या हाताचा पंजा काचेवर ठेवून ती खाली दाबायची.

मी म्हणे, "रफिक, लाव ना बाबा एक हँडल. दुनियेच्या गाड्या दुरुस्त करतं, अन् स्वतःची गाडी अशी?"

तं म्हणे, "काकू, न्हाव्याची दाढी पाह्यली का कधी? तशीच मिस्तरीची गाडी."

हासे लबाड. पण एक होतं. दोन्ही हात लागत म्हणून तो काच खाली कराच्या आधी गाडी उभी करे. पार उभी. गिअर काढे, ब्रेक ओढे, मंग पकड घे. नाक्यावर कोणी हात दाखवला, तरी हेच. मागचे लोक भोंगे वाजवत. हा आपला निवांत. मी चिडे. मले वाटे, किती वेळ लावते हा. 

तुमच्यातले कितीतरी जण बसले असन त्या गाडीत. खोटं बोलून राह्यली का मी?

आता त्या दिवसाचं सांगते. जे मले माहीत आहे तेवढंच.

कळंबकडचं लग्न लागलं, अन् बिछायतीचं सामान घेऊन रफिक वापस येत होता. दिवस बुडाले होते, पण पार अंधार पडला नव्हता. पुलाजवळ पोलिसाइनं नाकाबंदी लावली होती. पांढऱ्या पिकअपमधी कोणीतरी दरोडेवाले येऊन राह्यले, अशी खबर होती म्हणतात. पांढऱ्या पिकअप आपल्या तालुक्यात किती आहेत? पोळ्याच्या बैलाइएवढ्या आहेत. पण त्या टायमाले आली ती रफिकची.

एक गोळी सुटली. एकच. गळ्याच्या बाजूले लागली. दवाखान्यापर्यंत पोचला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण काय ऐकलं? की त्यानं गाडी थांबवली नाही. की त्यानं गाडी पोलिसाच्या अंगावर घातली, म्हणून गोळी झाडावी लागली. 

मी नसीमजवळ बसली होती तवा. ती रडत नव्हती. ती मले एकच विचारे, "काकू, ते कोणाच्या अंगावर गाडी घालतील का?" बैल आडवा आला तं खाली उतरून त्याले हाकलणारा माणूस तो. पण हे आपल्याले माहीत. कागदावर काय येईन? सनाच्या शाळेत लोक काय म्हणतील? बाप गेला ते दुःख आहेच. पण बाप पोलिसाले चिरडायले निघाला होता, हे त्या पोरीनं जन्मभर ऐकायचं का? आज आपण सारे बसलो ते याच्याचसाठी बसलो. गेलेला माणूस वापस येत नाही. पण त्याच्यावर हा डाग राह्यला तं तो त्याच्या लेकरावर बी राह्यते.

म्हणून जवा नागपूरहून तपासणीवाले आले अन् पंच पायजे म्हणून विचारणा झाली, तवा मी गेली. घरचे म्हणे, कायले पडतं त्या भानगडीत, कोर्टाच्या चकरा लागतीन. म्हणलं, लागू द्या. माहे पाय अजून शाबूत आहेत.

तर ती गाडी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली उभी होती. ताडपत्री झाकली होती. तपासणीवाल्या एक मॅडम होत्या, सोबत दोन पोरं. मले वाटलं होतं, येतीन, फोटो काढतीन, चहा पितीन, जातीन. मी सरकारी तपासण्या लय पाह्यल्या आहेत. पण ही बाई वेगळी निघाली. मे महिन्याचं ऊन, तिच्या कपाळावरून घाम गळे, अन् ती गाडीले एका बाजूनं हात न लावता नुसती पाहत होती. चहा आणला तो तसाच गार झाला. दुपार होऊन गेली तरी ती गाडीभोवतीच. 

समोरची मोठी काच शाबूत होती. हे मी माह्या डोळ्यानं पाह्यलं. त्याच्यावर ओरखडा नाही. मागची काच शाबूत. दारं शाबूत, पत्र्याले कुठं भोक नाही. डरायवरच्या बाजूची काच पार वरपर्यंत चढवलेली, अन् ती बी शाबूत. 

मी अडाणी बाई, पण मले बी प्रश्न पडला. मंग गोळी आत गेली कुठून?

मॅडमले तं पडलाच होता. त्याईनं त्या बाजूच्या काचेवर आतून उजेड टाकला, आडवा. अन् मले हाक मारली. "ताई, तुम्ही पंच आहात ना? इकडे या. नीट पाहा आणि काय दिसतं ते तुमच्या शब्दांत सांगा."

मी वाकून पाह्यलं. काचेच्या वरच्या भागावर बारीक बारीक ठिपके होते. वाळलेले. कशाचे होते ते मी इथं बोलत नाही, सना बसली आहे समोर. खालच्या भागावर काहीच नाही. साफ. अन् दोन्हीच्या मधात एक रेघ. सरळ. आपण कणीक मळतो त्या परातीत पाणी ठेवून वाळलं की काठावर जशी रेघ उमटते, तशी.

मी म्हणलं, "मॅडम, खालचं कोणी पुसलं का?"

त्या म्हणे, "पुसलं असतं तर फराटे दिसले असते. खालचा भाग त्या वेळी दाराच्या आत होता, ताई. काच अर्धी खाली होती. नंतर कोणीतरी ती वर केली आहे."

अन् मंग त्या उभ्या राह्यल्या, अन् साऱ्याइकडे पाहून विचारलं, "काच कोणी वर केली?"

ठाण्याचे लोक होते तिथं. एक जण म्हणे, "गाडी आली तशीच आहे, मॅडम. कोणी हात लावला नाही." दुसऱ्यानं मान हालवली. मॅडमनं पुन्हा विचारलं. आवाज न चढवता. "मी कोणाला रागावत नाहीये. मला फक्त कळलं पाहिजे. ही काच कोणी वर केली?"

गफूर उस्ताद तिथंच होते. दाराचं आतलं अस्तर खोलायचं होतं म्हणून त्याइले बोलावून आणलं होतं. हातात पाना, डोक्यावर रुमाल. मी त्याइच्याकडं पाह्यलं तं त्याइचा चेहरा राखेसारखा झालता.

लोकहो, आता नीट ऐका. हेच सांगायले मी आज उभी राह्यली. अर्धंमुर्धं ऐकून अर्ध्या गावानं काय काय केलं ते मले माहीत आहे. म्हणून पुरं ऐका.

उस्ताद पुढं आले. पाना खाली ठेवला. अन् म्हणे, "मॅडम, काँच मैंने चढाई."

घटना झाली त्या सांजेले पोलिसाइनं त्याइले फोन केला होता. एक गाडी ठाण्यात ओढून न्यायची आहे, टोचन घेऊन या. कोणाची गाडी, ते सांगतलं नाही. गावात टोचन लावून गाडी ओढणारे तेच एक. ते गेले. पुलाजवळ जाऊन पाहतात तं गाडी रफिकची. सीटवर काय होतं ते त्याईनं पाह्यलं. रफिकले दवाखान्यात नेलं होतं, अन् जिता आहे का नाही हे बी त्याइले तवा कोणी सांगतलं नाही.

अन् त्या माणसानं काय केलं? जे त्याइनं जन्मभर केलं तेच केलं. आभाळ भरून आलतं. उघड्या काचेची गाडी आवारात रातभर उभी राह्यली तं सीट भिजन, आतलं वायरिंग जाईन. गॅरेजवाला माणूस गाडी उघड्या काचेनं सोडत नाही. तुमच्यातला एक तरी मिस्तरी सोडन का? सांगा बरं. काच अर्धी उघडी होती, अन् पकड त्या खुंटीवर तशीच लटकली होती. त्याईनं त्याच पकडीनं काच वर चढवली. मंग पकड आपल्या कापडानं पुसली अन् दाराच्या खिशात जाग्यावर ठेवून देल्ली. कारण तिची जागा ती. पुसल्याबिगर पाना जाग्यावर ठेवायचा नाही, हे त्याईनंच रफिकले शिकवलं होतं. कान पिळून शिकवलं होतं. 

तिथं पोलीस उभे होते. त्याइनं बी पाह्यलं. कोणी म्हणलं नाही, की उस्ताद, हात लावू नका. त्या टायमाले कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

उस्ताद मॅडमले म्हणे, "मेरे हाथ अपने आप चल रहे थे. मले काही सुधरत नव्हतं. मले फक्त एवढंच वाटलं, रफिक वापस आला अन् सीट भिजलेली पाह्यली तं म्हणन, उस्ताद, तुम्ही असताना?"



मॅडमनं त्याइले साफ सांगतलं. मी ऐकलं. म्हणे, "उस्ताद, तुम्ही जे सांगता आहात ते मी लिहून घेणार. पुराव्याला हात लावला म्हणून तुम्हाला उद्या विचारणा होऊ शकते. गुन्हाही लागू शकतो. हे समजून बोला." 

उस्ताद म्हणे, "लिखो."

अन् मंग पुढचं सांगतलं. का गाडीत बसलो तवा गिअर निघालेला होता. का हातब्रेक ओढलेला होता. मॅडमनं पकड काढून पाकिटात घातली, वरून सील लावलं. मंग काचेचे फोटो अन् नमुने घेऊन झाल्यावर स्वतःची दुसरी पकड दिली अन् सोबतच्या पोराले डरायवरच्या जागेवर बसवलं. म्हणे, काच खाली कर. त्या पोरानं नुसती पकड फिरवली, काच हालेना. पंजा ठेवून दाबली, तवा खाली आली. मॅडमनं विचारलं, "चालत्या गाडीत जमेल?" तं पोरगं म्हणे, "नाही मॅडम. दोन्ही हात गुंततात." त्याईनं तेही लिहून घेतलं. माही सही आहे त्याच्यावर. 

मी मॅडमले विचारलं, "मंग झालं का सिद्ध? गाडी उभी होती ना?"

त्या म्हणे, "ताई, ते आज नाही सांगता येत. अजून बरंच तपासायचं आहे. रिपोर्ट येईल."

मले राग आला होता त्याइचा. म्हणलं, दिसते ना ढळढळीत! पण घरी आल्यावर वाटलं, बाई बरोबर आहे. आपल्या बाजूचं दिसलं म्हणून घाई करायची, अन् त्याइच्या बाजूचं दिसलं असतं तं म्हणायचं, थांबा? असं कसं चालन?

म्हणून मी बी आज निकाल सांगून राह्यली नाही. जे पाह्यलं ते सांगून राह्यली. समोरून अंगावर येणाऱ्या गाडीवर झाडलेली गोळी समोरच्या काचेतून का गेली नाही, हा माहा प्रश्न आहे. तो मी कोर्टात बी विचारीन. ज्यानं गोळी झाडली त्या शिपायाले त्या उजेडात रफिकच्या हातात काय दिसलं असन, पकड दिसली का आणखी काही दिसलं, ते त्याचं त्याले माहीत. तो बी कोणाचा पोरगा आहे. पण माह्या रफिकनं गाडी थांबवली होती अन् बोलायसाठी काच खाली करून राह्यला होता, असं माहं मन म्हणते. अन् असं म्हणायची हिंमत मले कोणामुळं आली?

उस्तादमुळं आली.

ती रेघ तं मॅडमले दिसलीच होती. पण नुसत्या रेघीवर उद्या वकील म्हणला असता, काच कोणी वर केली, कवा केली, कायसाठी केली, काही पत्ता नाही. पोलीस म्हणले असते आम्ही नाही. आपण म्हणलो असतो आम्ही नाही. अन् ती पकड? ती दाराच्या खिशात होती. पुसलेली, जाग्यावर. पकड खुंटीवर लटकली होती हे कोणी सांगतलं असतं? ब्रेक ओढलेला होता हे कोणी सांगतलं असतं? पोलिसाइनं? 

उस्ताद गप बसले असते तं त्याइचं काही बिघडत नव्हतं. कोणीच त्याइच्याकडं बोट दाखवलं नव्हतं. आज दुकान चालू राह्यलं असतं. चारचौघात बसले असते. आज या सभेत पहिल्या रांगेत बसले असते, अन् माह्या आधी बोलले असते.

अन् मी खोटं नाही सांगत, त्याइच्या बोलण्यानं केस मजबूतच झाली असं बी नाही. वकील म्हणन, रफिकच्याच माणसानं गाडीले हात लावला, पकड पुसली, आता त्याच्या बोलण्यावर काय भरवसा? म्हणन ना! उस्तादले हे माहीत होतं. तरी म्हणे, लिखो.

अन् आपण काय केलं?

गावात हवा पसरली, का उस्तादनं पुरावा पुसला. पोलिसाइनं त्याइले फोडलं. का म्हाताऱ्यानं पोराचा सौदा केला. कोणी उठवलं, माहीत नाही. पण ऐकणाऱ्याइले चव आली. आठ पंधरा दिवसात त्याइच्या दुकानावर गाडी जाणं बंद. मशिदीत लोक त्याइच्या बाजूची जागा सोडून उभे राह्यले, हे मले नसीमच्या भावानं सांगतलं, अन् आपले हिंदू बी काही मागं नाही राह्यले. जत्रेतल्यासारखे पाहत जात दुकानाकडं. अन् परवा त्याइच्या शटरवर रंगानं मोठ्या अक्षरात लिहिलं. काय लिहिलं ते तुम्ही साऱ्याइनं वाचलं. गद्दार.

त्या माणसानं ते पुसलं नाही. मी गेली होती, म्हणलं, उस्ताद, मी पुसते. तं म्हणे, "राहू द्या बाई. एकडाव पुसून पाह्यलं ना मी." 

मी रस्त्यात बसून रडली, लोकहो. माहा नवरा गेला तवा एवढी रडली नाही.

तुम्हाले कोणावर राग काढायचा आहे? पोलिसावर निघत नाही, तिथं हिंमत होत नाही. मंग काढला एका म्हाताऱ्यावर! ज्यानं आपल्या पोरासाठी काच वर केली, त्याच्यावर! याले आपण न्याय म्हणतो का? रफिक असता तं त्यानं काय म्हणलं असतं तुम्हाले? मी सांगू? तो शिवी देत नव्हता, पण तुम्हाले देल्ली असती.

काही पोट्टे म्हणून राह्यले, सभा झाली का ठाण्यावर मोर्चा न्यायचा, गाडी बाहेर काढायची, चौकात आणून ठेवायची. मी हात जोडते. न्यायचा तं मोर्चा न्या. नारे लावा, मी बी लावीन, माहा आवाज तुमच्यापेक्षा मोठा आहे. पण त्या गाडीले कोणी हात लावायचा नाही. दुःखात हात लागला की काय होते, ते आपण एकडाव पाह्यलं. रागात लागला तं काहीच उरणार नाही. रिपोर्ट येऊ द्या. नाही आला, तं मी पयली बसीन उपोषणाले. 

आता एक निरोप आहे. तो सांगते अन् मंग थांबते.

नसीम इथं नाही. नवरा गेल्यावरची तिची इद्दत चालू आहे, तिले घराबाहेर निघता येत नाही. सकाळी मी तिच्याकडं गेलती. म्हणलं, बेटा, सभा आहे, तुह्याकडून काही सांगायचं का लोकाइले? तं म्हणे, "काकू, सना के अब्बा को बाप नहीं थे. उस्ताद थे. हमारा निकाह त्याईनंच लावला. ते सभेत नसतील तं माह्या घराच्या नावानं सभा करू नका. बंद करून टाका."

हे तिचे शब्द आहेत. माहे नाहीत.

तर लोकहो, उस्ताद कुठं आहेत?

मान फिरवू नका. मले इथून दिसते. शेडाच्या बाहेर, हातपंपाजवळ, रस्त्याच्या पलीकडं जो माणूस कवाचा उभा आहे, तो कोण आहे? आत यायची त्याइची हिंमत नाही झाली. पण घरी बसायले बी जमलं नाही. मी बोलायले उठली तवापासून तिथं उभे आहेत. तुम्ही साऱ्याइनं पाह्यलं आहे. पाहूनही कोणी म्हणलं नाही, का या.

आता दोन मिनिटं उभं राहून मौन पाळायचं, असं ठरलं आहे. पण मी ते आत्ता सुरू करणार नाही. उस्ताद या शेडात आल्याबिगर करणार नाही. सांज झाली तरी चालन. 

अन् त्याइले आणायले मी जाणार नाही. अध्यक्ष बी जाणार नाहीत. ज्यानं शटरवर लिहिलं तो इथंच बसला आहे. मले माहीत आहे तो कोण आहे ते. तुह्या बापाले बी माहीत आहे. मी तुहं नाव घेणार नाही, आज नाही अन् कधीच नाही. बेटा, तुले रफिक गेल्याचा राग आला, म्हणून लिहिलं, एवढं मले समजते. रफिकचा दोस्त होतास तू. म्हणून तूच जा.

ऊठ.

...

हां. जा. घाबरू नको, ते मारणार नाहीत तुले. वाट द्या रे त्याले. कोणी काही बोलू नका.

...

हात धर त्याइचा. रस्ता पाहून. ट्रक येऊ दे, मंग या.

...

या, उस्ताद. या. चप्पल राहू द्या, तशीच या. सरका रे पुढचे. नाही, मागं नाही बसायचं, इथं या, सनाजवळ. सना, बेटा, आजोबाले जागा दे. 

बसू नका उस्ताद, आता उभंच राहायचं आहे. सारे उभे राहा. मागचे, उभे राहा. टोप्या, रुमाल ज्याचं त्यानं पाहा, ज्याच्यात जसं असन तसं. 

रफिक, बापू, गाव उभं आहे. सारं गाव.

आता कोणी बोलू नका.